गिरणीवाल्याचा मुलगा अमेरिकेच्या मैदानावर

दर चार-दोन गावांत एखादा मुलगा असा निघतो, की सातवी-आठवीतच बापाच्या डोक्यावरून जातो. घरात शिरताना चौकटीखाली वाकतो, शाळेच्या बाकात त्याचे गुडघे मावत नाहीत, दिवाळीला शिवलेली विजार पोळ्यापर्यंत घोट्याच्या वर येते. बायका त्याच्या आईला विचारतात, "काय गं, याला युरिया घातलास का?" बाप म्हणतो, बरे झाले, गंजीवर कडबा टाकायला शिडी नको. चार लोक हसतात आणि विषय तेवढ्यावर मिटतो.

पंजाबच्या माळवा भागातील बल्लो के या लहानशा गावी अशाच एका मुलाचा विषय तेवढ्यावर मिटला नाही. पिठाची गिरणी चालवणाऱ्या शेतकऱ्याचा तो मुलगा बास्केटबॉल खेळायला शिकला, चौदाव्या वर्षी अमेरिकेत गेला, आणि जगातल्या सर्वांत मोठ्या बास्केटबॉल स्पर्धेतल्या एका संघाने २०१५ साली त्याचे नाव पुकारले. भारतात जन्मलेल्या कोणाचेही नाव त्याआधी तिथे पुकारले गेले नव्हते. त्याचे नाव सतनामसिंग भमरा.

वाचकहो, त्याची हकीकत तुम्हाला सांगायची आहे ती नुसत्या कौतुकासाठी नव्हे. तिची उजळ बाजू वर्तमानपत्रांतून पुष्कळ छापून आली. पुढचे थोडे कमी लोकांना ठाऊक आहे, आणि घरात खेळाडू मूल असलेल्या आईबापांना खरा उपयोग त्याचाच आहे.

पंजाब आपल्याला परका नाही

नांदेडकरांना पंजाबची ओळख करून द्यायला नको. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली नांदेडला गोदाकाठी देह ठेवला. तेव्हापासून हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत. नांदेडहून सुटणारी सचखंड एक्सप्रेस मनमाड, भोपाळ, दिल्ली करीत अमृतसरला जाते. वाटेत लुधियाना लागते. सतनामसिंगच्या हकिकतीचा पहिला मोठा मुक्काम याच लुधियानात आहे.

पण त्याआधी त्याच्या घरात काय घडले ते पाहू. त्याचे वडील बलबीरसिंग स्वतः सात फुटांवर उंच. तरुणपणी त्यांनाही लोक सांगत, तू बास्केटबॉल खेळ. पण त्यांच्या वडिलांचे म्हणणे वेगळे होते. घरची जमीन आहे, घरची गिरणी आहे, ती सोडून चेंडू खेळत कुठे जायचे? बलबीरसिंगांनी वडिलांचा शब्द मोडला नाही. ते शेतात आणि गिरणीवर राबत राहिले.

१० डिसेंबर १९९५ रोजी सतनामसिंगचा जन्म झाला. नऊ-दहा वर्षांचा होईतो तो मोठ्या माणसांच्या खांद्याला लागला. एका मित्राने बलबीरसिंगांना सल्ला दिला, याला लुधियानाला घाल. तिथे बास्केटबॉलची अकादमी आहे, राहण्याची सोय आहे. बापाने मुलाला पाठवले.

यात आजोबा चुकले असे म्हणण्याची घाई करू नये. त्यांच्या काळी खेळून पोट भरते असे एकही उदाहरण त्यांच्यासमोर नव्हते. हातातली गिरणी सोडून अंधारात उडी कोण मारील? बापासमोर मात्र थोडा उजेड होता, आणि आपली राहून गेलेली इच्छाही होती. आपल्याला मिळाले नाही ते मुलाला मिळावे, हे कोणत्या बापाला वाटत नाही?

दहा फुटांवरची कडी

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बास्केटबॉल जन्माला आला अमेरिकेत, १८९१ साली. जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने थंडीच्या दिवसांत मुलांना घरात खेळता यावे म्हणून फळांच्या टोपल्या भिंतीला टांगल्या आणि त्यांत चेंडू टाकायला लावला. बास्केट म्हणजे टोपली, नाव त्यावरूनच पडले. आज टोपलीच्या जागी लोखंडी कडी आणि जाळी असते. कडी जमिनीपासून बरोबर दहा फुटांवर. मैदान २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. एका बाजूला पाच खेळाडू. चेंडू हातात धरून पळायचे नाही, जमिनीवर आपटत न्यायचा.

कडी दहा फुटांवर, म्हणून उंचीला मोल. सव्वासात फुटी माणूस नुसता हात वर करून उभा राहिला तरी कडीच्या जवळ पोहोचतो. पण उंची म्हणजे सगळे नव्हे. पाय चपळ हवेत, दम हवा, हात मऊ हवा आणि डोके जागे हवे. ज्वारीचे ताट उंच वाढले म्हणजे कणीस भरलेच असे होत नाही, हे तुम्हाला कोणी सांगायला नको. पुढे सतनामसिंगला या गोष्टीचा पुरता अनुभव आला.

लुधियानात डॉ. एस. सुब्रमण्यन हे त्याला गुरू लाभले. २०१३ साली वारेपर्यंत पंजाबच्या कितीतरी मुलांना त्यांनी घडवले. चेंडू कसा धरावा इथपासून त्यांनी शिकवले. चौदाव्या वर्षी मुलाची उंची सात फुटांच्या घरात गेली. त्याच्या पायाच्या मापाचा बूट आपल्या बाजारात मिळणेही मुश्कील झाले.

२०१० साली एका खासगी कंपनीच्या शिष्यवृत्तीवर भारतातील काही मुलामुलींना अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, ब्रॅडेंटन गावच्या आय.एम.जी. अकादमीत पाठवण्यात आले. त्यांत सतनामसिंग होता. तिथे शाळा आणि खेळ दोन्ही एकाच आवारात. इंग्रजी त्याला जवळजवळ येत नव्हते. खेड्यातले, पंजाबी बोलणारे चौदा वर्षांचे पोर, घर सात समुद्रांपलीकडे. वर्गात शिकवलेले कळायचे नाही. मैदानावर शिक्षक काय ओरडतो तेही आधी कळायचे नाही. तरी तो टिकला. २०११ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, भारताच्या मोठ्यांच्या संघातून तो आशियाई स्पर्धेत उतरला.

नाव पुकारले, पण...

अमेरिकेत बास्केटबॉलची जी सर्वांत मोठी स्पर्धा आहे तिला एन.बी.ए. म्हणतात. तीत तीस संघ आहेत. दर वर्षी नव्या खेळाडूंची निवड होते. एकेक संघ पाळीपाळीने एकेक नाव घेतो, अशा दोन फेऱ्या होतात आणि एकूण साठ नावे पुकारली जातात. २५ जून २०१५ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये ही निवड झाली. बावन्नावे नाव डॅलस मॅव्हेरिक्स या संघाने घेतले. ते सतनामसिंग भमरा याचे होते. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. उंची सात फूट दोन इंच, वजन सुमारे १३० किलो.

बहुतेक अमेरिकन मुले आधी महाविद्यालयाच्या संघातून खेळतात आणि तिथे पक्की होऊन या निवडीला बसतात. सतनामसिंगला तो रस्ता मिळाला नाही. महाविद्यालयाच्या मोठ्या संघांत खेळायचे तर अभ्यासाची ठरावीक पात्रता लागते, ती त्याला गाठता आली नाही. पंजाबी माध्यमातून उठून एकदम इंग्रजी शाळेत बसलेल्या मुलाला ती गाठणे सोपे नव्हतेच. म्हणून तो सरळ शाळेतून निवडीत उतरला. आणखी दोन-चार वर्षे महाविद्यालयात खेळायला मिळाली असती तर त्याचा खेळ किती वर गेला असता, हे कोणी सांगू शकत नाही. पण पुस्तकाचे दार बंद झाले की मैदानाचेही एक दार बंद होते, एवढे यावरून दिसते.

दुसरी गोष्ट कराराची. या निवडीत पहिल्या फेरीतल्या तीस जणांना पगाराच्या हमीचा करार मिळतो. दुसऱ्या फेरीतल्यांना तशी हमी नसते. सतनामसिंग दुसऱ्या फेरीतला. त्याला मुख्य संघाचा करार मिळाला नाही. त्याला टेक्सास लेजेंड्स या संघात, खालच्या स्पर्धेत, ठेवण्यात आले. तिथे तो दोन हंगाम होता, आणि त्या दोन हंगामांत मैदानावर त्याला फार थोडा वेळ मिळाला. मुख्य स्पर्धेतला एकही सामना त्याला खेळता आला नाही.

पैशाचा हिशेब पाहा. २०१५-१६ च्या हंगामात मुख्य स्पर्धेत नवख्या खेळाडूला वर्षाला किमान सव्वापाच लाख डॉलर मिळत, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण साडेतीन कोटी रुपये. खालच्या स्पर्धेतला पगार १३ हजार ते २६ हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे साधारण साडेआठ ते सतरा लाख रुपये, आणि तेही अमेरिकेच्या महागाईत. गावोगावी लोकांना वाटले, पोरगा करोडपती झाला. प्रत्यक्षात तो उंबरठ्यावर उभा होता. पेरणी झाली म्हणून कोणी उतारा मोजत नाही. तसेच निवड झाली म्हणजे कमाई झाली असे धरू नये.

परतीची वाट

२०१७ साली सतनामसिंग भारतात परतला आणि देशाच्या संघासाठी पुन्हा उतरला. विश्वचषकाच्या पात्रता फेऱ्यांत तो खेळला. २०१८ साली ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, तिथल्या भारतीय बास्केटबॉल संघातही तो होता. त्या संघाला पदक मिळाले नाही. याच स्पर्धेत आपल्या बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या राहुल आवारेने कुस्तीत ५७ किलो गटात सुवर्णपदक घेतले, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. २०१८-१९ च्या हंगामात सतनामसिंग कॅनडात सेंट जॉन्स एज या संघाकडून व्यावसायिक सामने खेळला.

मग घाव बसला. २०१९ साली दक्षिण आशियाई स्पर्धांच्या तयारीसाठी बेंगळुरूला शिबिर होते. तिथे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने त्याची तपासणी केली. नमुन्यात हिजेनामाइन नावाचे बंदी असलेले द्रव्य निघाले. आपण जाणूनबुजून काही घेतले नाही, असे त्याचे म्हणणे होते. सुनावणी होऊन डिसेंबर २०२० मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. ती १९ नोव्हेंबर २०१९ पासून धरली गेली. चोवीस ते सव्वीस ही खेळाडूच्या उमेदीची वर्षे अशी गेली.

इथे थोडे थांबा, कारण हे केवळ अमेरिकेला जाणाऱ्यांपुरते नाही. हिजेनामाइन काही वनस्पतींत असते आणि ताकद वाढवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत व गोळ्यांतही ते सापडते. डब्यावर त्याचे नाव दर वेळी स्पष्ट असतेच असे नाही. आज आपल्या तालुक्याच्या गावीही असे डबे मिळतात. पोलीस भरतीची तयारी करणारी, तालमीत घुमणारी मुले मित्राच्या सांगण्यावरून ते आणतात. खेळाचा कायदा याबाबतीत कडक आहे. शरीरात द्रव्य सापडले तर जबाबदारी खेळाडूची, मग ते कोणी दिले आणि कशातून गेले हा प्रश्न नंतरचा. तेव्हा मुलगा किंवा मुलगी जिल्ह्यापुढे खेळत असेल तर औषधी दुकानातली गोळी असो की ताकदीची पूड, क्रीडावैद्यकाला विचारल्याशिवाय तोंडात घालू देऊ नका. दूध, डाळ, अंडी, शेंगदाणे, भाकरी यांनी आजवर कोणावर बंदी आणलेली नाही.

बंदीचा काळ संपत आला तेव्हा, २०२१ साली, सतनामसिंगने अमेरिकेतल्या ऑल एलिट रेसलिंग या कुस्तीच्या कंपनीशी करार केला आणि एप्रिल २०२२ मध्ये तो तिच्या रिंगणात दिसला. ही आपल्या मातीतली कुस्ती नव्हे. टीव्हीवर दाखवतात तो आधी आखून केलेला तमाशावजा खेळ. पण तीही मेहनतीची नोकरीच. बास्केटबॉलने त्याला जिथे नेऊन सोडले होते तिथून त्याने पुढची वाट काढली.

मग हाती काय आले?

काही लोक म्हणतील, एवढा खटाटोप करून एकही मोठा सामना खेळला नाही, गिरणी काय वाईट होती? हे म्हणणे मला पटत नाही. त्याच्या निवडीनंतर भारतीय खेळाडूंकडे बाहेरचे लोक पाहू लागले. २०१७ साली पंजाबचाच अमज्योतसिंग अमेरिकेच्या त्याच खालच्या स्पर्धेत ओक्लाहोमाच्या संघात गेला. गुरदासपूरचा प्रिन्सपालसिंग लुधियानातूनच पुढे आला आणि २०२१ साली सॅक्रामेंटो किंग्ज या संघाबरोबर उन्हाळी स्पर्धेच्या विजेतेपदाचा वाटेकरी झाला. पहिल्याने काटे तुडवले की मागच्याला पायवाट मिळते.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे आणि ती एका मुलीची आहे. केरळची गीतू अण्णा जोस ही सहा फुटांवर उंच. २००६ पासून काही हंगाम ती ऑस्ट्रेलियात रिंगवूड हॉक्स या संघाकडून व्यावसायिक बास्केटबॉल खेळली. २०११ साली अमेरिकेतल्या महिलांच्या मोठ्या स्पर्धेतील तीन संघांनी तिला चाचणीसाठी बोलावले. निवड झाली नाही. पण ती उघड्यावर पडली नाही, कारण तिच्या हाताशी दक्षिण रेल्वेची नोकरी होती. परदेशी जाऊन आली, पुन्हा देशासाठी खेळली, आणि २०१४ साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

या दोन हकिकती शेजारी ठेवून पाहा. दोघांनीही मोठी उडी घेतली, दोघांनाही शेवटची पायरी मिळाली नाही. एकाच्या पायाखाली जमीन डळमळली, दुसरीच्या पायाखाली ती घट्ट राहिली. फरक नशिबाचा असेलच, पण आधारासाठी दुसरे काय हाती होते याचाही आहे.

आपल्या घरी हा प्रश्न आला तर

नांदेड-लातूरच्या आईबापांना मुले दूर ठेवण्याचे भय राहिलेले नाही. दहावी झाली की मुलाला लातूरला शिकवणीसाठी ठेवायचे, खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे भरायचे, प्रसंगी त्यासाठी सोयाबीन लवकर विकायचे, हे आपण वर्षानुवर्षे करीत आलो. कुस्तीसाठी तर याहून जुनी चाल आहे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी खेड्यापाड्यांतली पोरे घडवली. राहुल आवारे त्यांच्याच हाताखालचा. त्यांच्या माघारी लातूरच्याच काका पवारांनी त्याला पुढे नेले. चांगला वस्ताद मिळाला तर खेड्यातले पोर कुठवर जाते याचा पुरावा आपल्याच मातीत आहे.

बास्केटबॉलची ओढ आपल्याकडे अजून कमी आहे. पण उंच मुले आपल्याकडेही जन्मतात, आणि उंच मुलीही. उंच मुलगी झाली की आईला आधी लग्नाची चिंता लागते. त्या आयांनी पुण्याच्या शिरीन लिमये हिचे नाव लक्षात ठेवावे. भारताच्या महिला बास्केटबॉल संघाचे नेतृत्व तिने केले आहे.

मुलाला किंवा मुलीला खेळासाठी बाहेर पाठवण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या. शिकवणारा कोण, आणि त्याच्या हाताखालून आजवर कोण पुढे गेले? मुलाची शाळा चालू राहणार का, परीक्षेला कोण बसवणार? दुखापत झाली तर खर्च कोणाचा? आणि कोणी कागदावर सही मागितली, तर त्यात पगाराची हमी किती वर्षांची? न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका. जमिनीचा व्यवहार करताना सातबारा पाहतो, चार शहाण्या माणसांना दाखवतो, तसेच इथेही करा.

सरकारी सवलतीही माहीत असू द्या. दहावी-बारावीच्या परीक्षेत नियमात बसणाऱ्या खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी आहेत, तिथे निवड झालेल्या मुलांच्या राहण्या-शिकण्याची सोय होते. चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करावी. स्पर्धेची प्रमाणपत्रे मात्र नीट जपून ठेवा, पावसात भिजू देऊ नका, उंदरांच्या तोंडी पडू देऊ नका.

आणि घरातल्या आजोबांचेही ऐकून घ्या. ते "शेत कोण पाहील?" असे विचारतील, तर तो प्रश्न खोटा नाही. त्यांना सांगा, शेत कुठे जात नाही, पण पोराचे अंग वाढण्याचे आणि शिकण्याचे दिवस परत येत नाहीत. बल्लो केच्या बलबीरसिंगांनी गिरणीही चालू ठेवली आणि मुलालाही सोडले. तुम्हीही घरचे जाते फिरते ठेवा, पोराच्या दप्तरात वही-पुस्तक असू द्या, आणि चेंडू त्याच्या हातातून काढून घेऊ नका.